४७ मधला ४ म्हणजे किती काड्या? दुसरीच्या पोरांना दशक कळत नसेल तर

नमस्कार सर, तुमचा प्रश्न वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सर यवतमाळ जिल्ह्यात दोन शिक्षकी शाळेत आहेत आणि पहिली-दुसरी एकत्र घेतात. दुसरीच्या पोरांना '४७ मधल्या ४ ची स्थानिक किंमत किती' विचारलं की फटकन ४० सांगतात, पण ४७ काड्या समोर ठेवून 'यातला हा ४ म्हणजे कोणत्या काड्या, दाखव' म्हटलं की चार काड्या उचलतात. २८ अधिक १५ चं उत्तर ३१३ लिहितात. सरांनी रकाने आखून दिले, गठ्ठे बांधून दाखवले, पाठही करून घेतलं, तरी तेच. आता काय करावं आणि चाचणीच्या आधी हे होईल का, असं त्यांनी विचारलंय.

पहिलं म्हणजे तुम्ही काड्या समोर ठेवून विचारलं हेच मोठं काम केलं. बहुतेक वर्गांत '४०' हे उत्तर आलं की टिक मारून पुढं जातात. दुसरं म्हणजे चार काड्या उचलणं हे आपल्याच खेड्यातल्या पोरांचं काही खास नाही. मुलं कशी विचार करतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेंच्या सोबत काम केलेल्या कॉन्स्टन्स कामी नावाच्या बाईंनी अमेरिकेत पोरांना १६ बिल्ले देऊन हेच विचारलं होतं. यातला ६ दाखव म्हटलं तर पोरं सहा बिल्ले दाखवायची, १ दाखव म्हटलं तर एक बिल्ला दाखवायची, आणि बाजूला नऊ बिल्ले तसेच पडून राहायचे, त्याचं त्यांना काहीच वाटायचं नाही. तिकडची पोरं, तिकडची भाषा, साहित्यानं भरलेले वर्ग, आणि गंमत तीच.

मग प्रश्न नेमका काय आहे? माझ्या मते पोरांना ४७ तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं माहीत आहे. तोंडानं 'सत्तेचाळीस' म्हणता येतं, पाटीवर त्याचं चित्र काढता येतं, आणि एक एक करून ४७ वस्तू मोजता येतात. या तिघांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही. आपण लहानपणी 'एकावर एक अकरा, दोनावर शून्य वीस' म्हणत शिकलो ना, ते चित्र काढायला झकास आहे, पण त्यात कुठंच सांगितलेलं नाही की तो डावीकडचा एक म्हणजे दहा आहे. आणि 'स्थानिक किंमत ४०' हे उत्तर तर पोट्टे युक्तीनं देतात, डावीकडचा आकडा उचलायचा आणि पुढं शून्य चिकटवायचं, झालं.

पोराला खरं जे जमायला पाहिजे ते हे, की दहा वस्तूंकडं 'एक' म्हणून बघायचं आणि त्याच वेळी आत दहा आहेत हेही विसरायचं नाही. आपल्याला वाटतं यात काय कठीण आहे. पण सहा-सात वर्षाच्या पोरानं आताच कुठं एका वस्तूला एक आकडा म्हणत मोजायला शिकलेलं असतं, आणि आपण लगेच म्हणतो की आता या दहांना मिळून 'एक' म्हण. ते सांगून होत नाही, गठ्ठा दाखवूनही होत नाही. पोरानं स्वतः बांधायला लागतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः सोडायला लागतो. मला सांगायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं ते कसं करायचं त्याबद्दल.

काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत, तुम्हालाच बघाव्या लागतील. पोरं तीस-चाळीस वस्तू बिनचूक मोजतात का? एक सुटते, एक दोनदा मोजली जाते, असं होत असेल तर दशकाला हातच लावू नका, आधी मोजणं पक्कं करा. मग हजेरी. आपल्याकडं कापूस फुटला की अर्धा वर्ग मायबापासोबत शेतात नाहीतर घरी लहान भावंडाला धरून बसलेला असतो, त्यामुळं 'आठवडाभर सलग घ्या' असले सल्ले पुस्तकातच चांगले दिसतात. मी हे काम रोज थोडं थोडं ठेवते, म्हणजे चार दिवस बुडवलेलं पोट्टं पाचव्या दिवशी येऊन खेळात बसू शकते. आणि घरची भाषा कोणती ते बघा, त्याबद्दल पुढं लिहिते.

आता साहित्य. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, वापरा. आपली विदर्भातली शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडते, तेव्हा मागच्या हंगामाच्या तुराट्या घरोघरी चुलीसाठी रचून ठेवलेल्या असतातच. बारीक फांद्या निवडायच्या आणि बोटाएवढ्या लांबीचे तुकडे करायचे. कापसाची पऱ्हाटी नको, ती खरबडीत असते, गठ्ठा नीट बसत नाही आणि हाताला बोचते. तुकडे साधारण सारखे असू द्या, नाहीतर जाड काड्यांचा गठ्ठा 'मोठा' आणि बारीक काड्यांचा 'लहान' असं पोरांच्या डोक्यात बसतं आणि नवीनच भानगड होते. चिंचोकेही चालतात, पण ते बांधता येत नाहीत, पुडीत किंवा काड्यापेटीत भरावे लागतात, आणि पेटी बंद झाली की आतले दिसत नाहीत. काड्यांच्या गठ्ठ्याचं बरं हे की तो एक आहे हेही दिसते आणि आत दहा आहेत हेही दिसते.

सर, तुम्ही लिहिलंय की 'गठ्ठे करून दाखवले'. माझी शंका इथंच आहे. मास्तरांनी घरून बांधून आणलेला गठ्ठा पोराच्या लेखी एक जाडी काडी असते, त्यात दहा आहेत हे ते मास्तरांच्या शब्दावर मान्य करतं. म्हणून मी सुरुवातीला 'दहा' हा शब्दच काढत नाही. चार-पाच पोरांच्या घोळक्यात मोठ्ठा ढीग ओतायचा, ऐंशी-नव्वद काड्यांचा, आणि म्हणायचं मोजा. आधी अंदाज सांगायला लावायचा, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा. मग मोजणं सुरू होतं. साठ-पासष्टपर्यंत कुणीतरी पोचतं, तेवढ्यात मधात कुणीतरी बोलतं, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. दोनदा असं झालं की पोरं स्वतःच कंटाळतात. तेव्हा विचारायचं, की असं काय करता येईल की मधात चुकलो तरी पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागणार नाही?

कुणी पाच-पाचचे ढीग करतं, कुणी दहाचे. एखादं पोट्टं वीस-वीसचे करते, कारण घरी आजी अजून विसानं मोजते, 'तीन विसा आन् वर पाच' असं. त्याला चूक म्हणू नका, उलट सगळ्यांना ऐकवा, तीन विसा म्हणजे साठ हे पोरांना फार आवडतं. ढीग कितीचाही असो, 'ढिगानं मोजता येतं' ही कल्पना त्यांच्याकडून आली हे महत्त्वाचं. मग एकदा सांगून टाकायचं की आपण लिहिताना दहाचे ढीग धरून लिहितो म्हणून वर्गात दहाचे करू. हा ठरवलेला नियम आहे, तो पोरांनी शोधून काढायची गरज नाही.

मग खेळ. चिंचोके मधातून फोडून एक बाजू पांढरी करायची, तेच आपले फासे, पाच-सहा चिंचोके टाकायचे, जितके पांढरे पडले तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावायचा. पन्नासपर्यंत आधी जो पोचेल तो जिंकला. हा खेळ बऱ्याच शाळांत होतो. पण बहुतेक जण इथं थांबतात, आणि खरा माल उलट्या खेळात आहे. प्रत्येकाला पाच गठ्ठे द्या, सुट्टी एकही काडी नाही. आता जितके पांढरे पडतील तितक्या काड्या मधल्या डब्यात परत टाकायच्या. पहिल्याच डावात पोट्टं अडकते. चार पडले, हातात नुसते गठ्ठे.

इथं जीभ आवरा, लगेच सांगू नका. आमच्या वर्गात एक पोरगी बराच वेळ गठ्ठा नुसता फिरवत बसली होती, शेजारचा म्हणाला 'अख्खा देऊन टाक ना', ती म्हणे 'काहून देऊ, याच्यात तं दहा हायेत, मले चारच द्या लागते.' मग मी विचारलं, मग आता? 'सोडा लागते ना गठ्ठा.' तिनं रबर काढला, चार मोजून डब्यात टाकल्या, सहा उरल्या त्या समोर पसरून ठेवल्या, आणि बाकी चार गठ्ठ्यांना हातही न लावता म्हणाली, 'छेचाळीस.' नियम मी काहीच सांगितलेला नव्हता. सहा पुन्हा बांधायला निघालेल्या एका पोराला तिनंच थांबवलं, 'दहा नाई झाल्या अजून.' पुढं ज्याला आपण 'उसनं घेणं' म्हणतो ते सगळं या एका डावात आहे, आणि वजाबाकी हा शब्दही कुणी काढलेला नाही.

हा उलटा खेळ पुरेसा झाला की एक पायरी अशी आहे जी पुस्तकात पटकन सुटून जाते. ४७ एकाच तऱ्हेनं ठेवू देऊ नका. चार गठ्ठे सात सुट्या, हे झालं. आता तीनच गठ्ठे वापरून ४७ करा. तीन गठ्ठे आणि सतरा सुट्या. दोन गठ्ठे? सत्तावीस सुट्या. एकही गठ्ठा नाही? मग सगळ्या सुट्या. पोरांना विचारा काड्या वाढल्या का कमी झाल्या. काही पोरं पहिल्यांदा पुन्हा मोजून बघतात, मोजू द्या. ज्या दिवशी पोरगं न मोजता 'तेवढ्याच हायेत, नुस्तं सोडलं आपण' असं म्हणतं त्या दिवशी समजायचं की गाठ पडली. 'सुट्या नऊच्या वर ठेवायच्या नाहीत' हा नियम आपण पोरांना इतका पक्का शिकवतो की पुढं तीन दशक सतरा एकक असं काही असू शकतं हेच त्यांना पटत नाही, आणि मग ४३ मधून २८ वजा करताना त्यांचा जीव अडकतो.

लिहिणं कधी सुरू करायचं? माझं मत, उशिरा. 'द' आणि 'ए' चे रकाने तर अजून उशिरा. रकाने लवकर दिले की पोरांना ती दोन वेगळी घरं वाटतात, या घरात एक आकडा, त्या घरात एक आकडा, मधात भिंत. तुमच्या पोरांचं ३१३ तिथूनच आलंय. आठ आणि पाच तेरा, ते या घरात लिहिले, दोन आणि एक तीन, ते त्या घरात लिहिले. घरोघरचा हिशेब बरोबरच आहे ना त्यांचा!

मी आधी पाटीवर '४ गठ्ठे ७ सुट्या' असं लिहू देते, मग '४० आणि ७'. त्यानंतर कार्डं. जुन्या लग्नपत्रिका कापून करा, त्याचा पुठ्ठा छान असतो आणि गावात कमी नाहीत. एकेरी आकड्यांचं कार्ड छोटं, दहा-वीस-तीसचं त्याच्या दुप्पट लांब, शंभर-दोनशेचं तिप्पट लांब. ४० च्या कार्डावर ७ चं कार्ड उजवी कड जुळवून ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ४७ दिसतं. पोरांनी ७ उचलून खाली ४० बघायचं, पुन्हा ठेवायचं. चाळीस कुठं गेलं नाही, सातच्या मागं लपलंय, हे त्यांना बोटानं उचलून बघता येतं. '१०५ ला १००५ लिहितात' ही तक्रार पण यानंच सुटते, १०० वर ५ ठेवून बघितलं की कळतं शेवटचं शून्य झाकलं जाते, मधलं राहते.

आता आकड्यांच्या नावांचा त्रास. हा मराठीत आहेच, त्याला इलाज नाही. लिहिताना आधी ४ आणि मग ७, बोलताना आधी सात मग चाळीस. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे नाव पुढच्या दशकाचं आणि आकडा मागच्या दशकाचा. एकोणतीस ऐकून पोरगं ३९ नाहीतर ३१ लिहितं तेव्हा त्याचं कान बरोबर काम करून राहिलेत, 'तीस' त्याला ऐकू आलंच ना. आणि एकोणनव्वदपर्यंत हा एकोण चालला की नव्व्याण्णवला अचानक सुटून जातो. २०१९ ला दुसरीच्या बालभारतीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवत असेल, गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, त्यांनी बाजू मांडली, पण लोकांनी विनोदच जास्त केले. मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं की पायरी म्हणून ते चांगलं आहे. मी गठ्ठे हातात असतात तोवर 'चाळीस आणि सात' असंच म्हणायला लावते, आणि त्याच्या लगोलग 'म्हणजे सत्तेचाळीस'. दोन्ही एका दमात. फक्त 'चाळीस सात'वर सोडलं तर पोरगं किराणा दुकानात अडेल, फक्त 'सत्तेचाळीस'वर सोडलं तर पाटीवर ७४ लिहील.

गडचिरोलीत सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू बोलणारी पोरं आहेत, त्यांच्या घरी एकवीसला 'इरवै ओकटी' म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक मागून, लिहितो त्याच क्रमानं. अशी पोरं वर्गात असतील तर त्यांना आधी त्यांच्या भाषेत मोजू द्या, बाकीच्यांनाही ऐकायला गंमत वाटते. गोंडी किंवा कोरकू बोलणारी पोरं असतील तर घरी मोठी माणसं कशी मोजतात ते पोरांकडूनच विचारून घ्या. मराठीतली आकड्यांची नावं त्यांच्यासाठी दुप्पट ओझं असतं, आणि नाव येत नाही म्हणून त्याला संख्या येत नाही असा निष्कर्ष काढू नका. गठ्ठे मांडून दाखव म्हणा, बिनचूक मांडतात.

आता तुमचं २८ अधिक १५. पाटी बाजूला ठेवायला सांगा. आधी तोंडी विचारा, दोन्ही मिळून पन्नासच्या वर जाईल का खाली राहील? शंभराच्या वर जाईल का? ज्यानं ३१३ लिहिलंय त्यालाच विचारा, तीनशे काड्या या डब्यात तरी मावतील का? पोट्टे हसतात आणि स्वतःच उत्तर खोडतात. मग मांडा. दोन गठ्ठे आठ सुट्या, एक गठ्ठा पाच सुट्या. सगळं एकत्र करा. काही पोरं आधी गठ्ठे एकत्र करतील, तीन गठ्ठे, मग सुट्या, तेरा, त्यातून एक गठ्ठा बांधतील, चार गठ्ठे तीन सुट्या. करू द्या, एककापासूनच सुरू करायचं ही कागदावरची सोय आहे, काड्यांना त्याचं काही पडलेलं नाही. एखादं हुशार पोट्टं पंधरातल्या दोन काड्या आठात टाकून आधी गठ्ठा पुरा करेल आणि तीस आणि तेरा त्रेचाळीस म्हणेल, त्याची पद्धत फळ्यावर सगळ्यांना दाखवा.

हे तोंडी आणि काड्यांवर बसलं की मगच उभी मांडणी. आणि 'हातचा एक' म्हणताना तो एक म्हणजे आत्ता बांधलेला गठ्ठा, हे पहिले काही दिवस खरोखरचा गठ्ठा उचलून दशकाच्या रकान्याच्या डोक्यावर ठेवून दाखवा. नाहीतर 'हातचा' हा पोरांसाठी मास्तरांचा मंतर होऊन जातो, कुठून आला कुणाला माहीत नाही.

साहित्याचा क्रम पण सांगते कारण इथं बऱ्याच शाळांत उलटापालट होते. आधी सुटणारं-बांधणारं, म्हणजे काड्या. त्यानंतर गणित पेटीतले ठोकळे, दशकाची दांडी आणि शतकाची पाटी. दांडी तोडता येत नाही, दहा सुट्टे ठोकळे देऊन बदलून घ्यावी लागते, म्हणजे अदलाबदल ही नवीन गोष्ट आली, पण दांडी दहा ठोकळ्यांएवढीच लांब असल्यामुळं डोळ्याला आधार आहे. मग पैसे. दहाची नोट ही एका रुपयाच्या नाण्यापेक्षा दहापट मोठी नसते, तिची किंमत विश्वासावर चालते, म्हणून पैसे नंतर. खेड्यातली पोरं दुकानात जातात, पैशाचा व्यवहार त्यांना येतो, म्हणून आपल्याला वाटतं पैशापासूनच सुरू करावं, पण दोन आणि पाचची नाणी मधात आली की दहाचा हिशेब पोरांच्या हातून सुटतो. वर्गात फक्त १, १० आणि १०० ठेवा. सगळ्यात शेवटी तारेचा मणी-बोर्ड. तिथं दशकाचा मणी आणि एककाचा मणी दिसायला एकसारखेच, फक्त तार वेगळी, म्हणजे सगळं जागेवर आलं. आकडे लिहिणं पण तसंच असतं. म्हणून मणी-बोर्ड शेवटी, आणि कितीतरी वर्गांत तोच पहिल्या दिवशी टेबलावर असतो कारण तो कपाटात दिसतो आणि छान रंगीत आहे!

शंभराचा तक्ता लावत असाल तर एक छोटी गोष्ट. १ ते १०० ऐवजी ० ते ९९ चा लावून बघा. मग वीस ते एकोणतीस एका ओळीत येतात, ओळीतल्या सगळ्यांच्या डावीकडं २. १ पासून सुरू केलं तर वीस बिचारं अकराच्या ओळीच्या टोकाला जाऊन बसते.

शतकाबद्दल फार लिहीत नाही, कारण दहा समजलं की शंभर लवकर येतं, दहा गठ्ठ्यांचा एक मोठा भारा बांधायचा, बस. पण गडचिरोली-गोंदियाकडचे कुणी वाचत असतील तर तेंदूपत्ता सोडू नका. उन्हाळ्यात पोरं घरच्यांसोबत पुडके बांधतात, आपल्याकडं एका पुडक्यात ७० पानं असतात, दर शेकड्यावर ठरतो, आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पानं मोजत बसलात तर सत्तर मधात येऊन घोळ होईल, म्हणून पुडकं हेच एकक धरा. मग शंभर पुडक्यांचा शेकडा आणि दहा शेकड्यांची गोणी. 'तुझ्या घरी आज दोन शेकडे आणि वर पस्तीस झाले, अजून किती झाले की तीन शेकडे?' असं तिसरीच्या पोराला विचारा. पुस्तकातल्या गणितात जे पोरगं मान खाली घालून बसते, ते इथं घरचा हिशेब म्हणून बोलायला लागते.

आता चाचणी. निपुण भारत, म्हणजे लहान वर्गांच्या वाचन-गणिताची केंद्राची मोहीम, २०२१ मध्ये आली तेव्हापासून पहिलीला ९९, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९ पर्यंत वाचता-लिहिता आलं पाहिजे असं लक्ष्य आहे, आणि वरून विचारणा होते तेव्हा आपल्यालाही पळावंसं वाटतं. मी सांगेन, वाचन-लेखनाचा सराव रोज दहा मिनिटं वेगळा चालू ठेवा, कार्डांवर, पाटीवर, म्हणजे चाचणीपुरतं अडणार नाही. पण समजलं का ते स्वतःसाठी बघायचं असेल तर 'स्थानिक किंमत लिहा' हा प्रश्नच विचारू नका. असं विचारा: ६३ काड्यांचे जास्तीत जास्त किती गठ्ठे होतील? ५८ मध्ये एक गठ्ठा टाकला तर किती? ७२ मधून एक गठ्ठा काढला तर? ३६ आणि ६३ मध्ये काड्या कशात जास्त, आणि का? आणि पाच गठ्ठे चौदा सुट्या म्हणजे किती? शेवटचा प्रश्न फार बोलका आहे. ५१४ लिहिलं तर अजून गठ्ठ्यांवरच थांबा, ६४ म्हटलं तर पुढं चला. ५८ मध्ये एक गठ्ठा टाकल्यावर पोरगं बोटावर ५९, ६०, ६१ असं मोजत बसलं तरी तेच, त्याच्यासाठी गठ्ठा अजून दहा सुट्या काड्याच आहे.

चाचणीच्या आधी होईल का? काही पोरांचं होईल. रोज शाळेत येणारी आणि मोजणं पक्कं असलेली पोरं पटकन पकडतात, बाकीच्यांना दिवाळीनंतरही लागेल, आणि काही तिसरीत जाऊन जमवतील. क्रम थोडक्यात पुन्हा सांगते म्हणजे वहीत लिहून ठेवता येईल: ढीग मोजणं, बांधणं, सोडणं, एकच संख्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवणं, मग '४० आणि ७', मग कार्डं, आणि रकाने सर्वांत शेवटी. यातलं सोडणं आणि वेगवेगळं ठेवणं कुठल्याही घाईत गाळू नका, बाकी पुढंमागं झालं तरी चालेल.

दोन शिक्षकी शाळेचा एक फायदा पण करून घ्या. तिसरी-चौथीत ज्यांचं हे राहून गेलंय त्यांना पुन्हा दुसरीच्या पोरांत बसवलं तर ते लाजतात, बसत नाहीत. त्यांना तपासनीस करा. परिपाठ झाला की दुसरीचे गठ्ठे सोडून मोजायचे, नऊ किंवा अकरा निघाल्या तर दुरुस्त करून पुन्हा बांधायचे, आणि एकूण किती काड्या आहेत ते कागदावर लिहून तुमच्याकडं द्यायचं. मान पण राहतो आणि रोज बांधणं-सोडणंही होते. आधी मुद्दाम दोन-तीन गठ्ठे चुकीचे बांधून मिसळा, नाहीतर ते न मोजताच सही ठोकतात.

आणि रबर बाजारातले आणू नका, आपल्या उन्हात महिनाभरात चिकट होऊन तुटतात आणि मग गठ्ठे दप्तरात सुटून बसतात. सायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून मागून आणा आणि कात्रीनं आडवे पातळ कापे काढा, एका ट्यूबमध्ये अख्ख्या वर्गाचं होते आणि वर्षभर टिकते. काही अडलं तर पोरांनी पाटीवर काय लिहिलं ते इथंच लिहा, नुसतं 'येत नाही' लिहू नका, लिहिलेलं दिसलं की सांगणं सोपं जाते.